आवाज करणारे नाना

नाना तांबट पहिल्या भेटीत माझ्याशी बोललेच नाहीत. ते माझ्या डब्याशी बोलले. मी नोकरीवर रुजू व्हायला गेले होते, खांद्याला पर्स, हातात जेवणाचा डबा. दारातल्या स्टुलावर एक सत्तरीचे, काटक, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. त्यांनी न विचारता माझ्या हातातून डबा घेतला, मधल्या बोटाच्या हाडाने त्यावर टकटक केलं, क्षणभर डोळे मिटले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "फसवलं तुम्हाला. हा पत्रा आहे, वर नुसती चकाकी. कुठून घेतला?"

डबा माझ्या लग्नात आत्येसासूबाईंनी दिलेला होता. त्यांच्याबद्दल माझं मत पहिल्यापासून फारसं बरं नव्हतंच, त्यामुळे नाना मला तिथल्या तिथे आवडले.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांची पत्रकं नाशिकच्या तांबट आळीतल्या ज्या घरात छापली जात, त्या घराचं एका विश्वस्त मंडळाने छोटंसं संग्रहालय केलं होतं. मला तिथे व्यवस्थापक म्हणून नेमलं होतं. व्यवस्थापक म्हणजे कुलूप उघडायचं, तिकिटं फाडायची, जळमटं काढायची आणि मंडळाच्या सभेला चहा सांगायचा. घर तसं दोनच खोल्यांचं. पुढची खोली नानांच्या वडिलांची, भांडी घडवायची. तिथे ऐरण, भट्टी, भिंतीला लावलेल्या हातोड्या. मागच्या भिंतीत लाकडी फडताळ. त्या फडताळाची पाठ बाजूला सरकवली की आत अंधारी खोली, आणि त्या खोलीत पायाने चालवायचं छपाईचं यंत्र. छापखान्यातले लोक त्याला ट्रेडल म्हणतात.

घर नानांनी स्वतःहून मंडळाला देऊन टाकलं होतं आणि ते मुलाबरोबर शेजारच्या घरात राहत. कागदोपत्री ते संग्रहालयाचे रखवालदार होते. प्रत्यक्षात संग्रहालय तेच होते, बाकी आम्ही सगळे रखवालदार.

नानांना कमी ऐकू यायचं. जन्मभर हातोड्यांच्या आवाजात बसलेल्या माणसाचे कान किती दिवस टिकणार? पण भांडं ते कानाने ऐकतच नसत, बोटाने ऐकत. आलेल्या प्रत्येक माणसाची पाण्याची बाटली, डबा, तांब्या, जे काही धातूचं असेल ते त्यांच्या बोटाखालून जायचं. मग निकाल. एकदा लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी बायकोला घेऊन आले होते. नानांनी त्यांचा भारीचा थर्मास वाजवून बाजूला ठेवला आणि बाईंच्या हातातली जुनी पितळी फिरकीची लोटी वाजवून म्हणाले, "हे जपा. हे घरातलं माणूस आहे." व्यापाऱ्यांनी थर्मास पिशवीत घातला तो जाईपर्यंत बाहेर काढला नाही.

चळवळीची गोष्ट मात्र ते अशी सांगत की ऐकणाऱ्याची निराशाच व्हावी. लोक यायचे ते शौर्य ऐकायला. नाना सांगायचे गैरसोय. "आपण काय केलं? आपण फक्त आवाज केला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी वही उघडून गंभीरपणे विचारलं, "आपण किती वर्षं तुरुंगात होतात?"

"एक दिवस नाही."

"म्हणजे तसा काही पुरावा नाही?"

"अहो, मी पकडला गेलो असतो तर माझं काम बिघडलं असतं," नाना म्हणाले. "पकडलो नाही हाच पुरावा. लिहून घ्या."

प्राध्यापकांनी लिहून घेतलं नाही. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

काम काय होतं ते सांगते. यंत्र चाललं की खट्‌ आणि पाठोपाठ धप्प असा आवाज येतो, आणि तो अंधाऱ्या खोलीत मावत नाही. तांबट आळीत तेव्हा दिवसभर वीस-पंचवीस हातोड्या चालत, म्हणून तर ही जागा निवडली. पण दूरच्या हातोड्या पुरत नाहीत, भिंतीला लागून एक हातोडी पडावी लागते. नाना तेव्हा विशीतले, नुकतं लग्न झालेले. आत गुरुजी यंत्र चालवत, ते शाळेत चित्रकला शिकवायचे. बाहेर नाना ऐरणीवर बसून ठोके घालत. यंत्राने धप्प म्हणायच्या क्षणी हातोडी पडली पाहिजे, अशी त्यांनी स्वतःला सवय लावून घेतली होती. "गुरुजींचा पाय फार वाईट," ते सांगत. "कधी घाई, कधी पेंग. चित्रं मात्र चांगली काढायचे."

अडचण अशी की ठोके घालायला भांडं पाहिजे, आणि लढाईच्या दिवसांत तांबं मिळत नव्हतं. मग नानांनी घरातलाच एक जुना हंडा घेतला आणि तोच महिनोन्‌महिने मठारला. मठारणं म्हणजे तापवलेल्या भांड्यावर ठोक्याशेजारी ठोका घालत जाणं. तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. आळीतले लोक विचारू लागले, हा हंडा संपत कसा नाही? नानांनी सांगितलं, चांदवडच्या एका पाटलांचा आहे, माणूस फार किरकिरा, काही केल्या पसंत पडत नाही, परत परत पाठवतो.

असा कुणी पाटील नव्हता. पण आळीने तो मनावर घेतला. गरीब पोराला छळणाऱ्या त्या पाटलाला आळीतल्या बायका नळावर शिव्या घालू लागल्या. शेजारच्या काशीकाकू नानांच्याच वयाच्या, ओट्यावर बसून आळीची खबर ठेवणं हा त्यांचा धंदा. संग्रहालय झालं, खरी गोष्ट भिंतीवर लागली, तरी काकूंचा राग गेला नव्हता. "पाटील नव्हता हे मला कळलंय गं," त्या मला म्हणाल्या, "पण पन्नास वर्षं शिव्या दिल्यात. आता सवय कशी जाणार?"

यंत्र चालवायला मला नानांनीच शिकवलं. पाहुण्यांना त्या यंत्रावर छापलेला एक कागद द्यावा, अशी त्यांची कल्पना. मी पहिल्याच दिवशी साडीचा पदर शाईच्या रुळात घातला. दुसऱ्या दिवशी ड्रेस घालून आले. नाना बाहेरून ठोके घालत, मी आतून पाय मारत असे, आणि महिन्याभराने त्यांनी मला प्रमाणपत्र दिलं, "गुरुजींपेक्षा बरा पाय आहे तुमचा." शाळांच्या सहली आल्या की आमचा हा खेळ रंगायचा. सटाण्याच्या बाजूची एक चुणचुणीत मुलगी पुढच्या खोलीत उभी राहून सगळीकडे बघत होती. शेवटी कंटाळून म्हणाली, "आजोबा, मशीन कोठे शे?" यंत्र तिच्यापासून चार हातांवर, फडताळामागे, तेव्हा चालू होतं. नाना हसून हसून लाल झाले. त्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरून सगळ्या वर्गाला चिक्की आणवली.

अशी आमची पाच-सहा वर्षं मजेत गेली. मग नूतनीकरणाचा आराखडा आला.

मुंबईहून आलेल्या तरुण आर्किटेक्टने तो काढला होता. मुलगा हुशार आणि सालस होता, राग यावा असं त्याच्यात काहीच नव्हतं, हीच पंचाईत. आराखड्यात यंत्र काचेच्या पेटीत, वरून दिव्यांचा झोत. फडताळ पाडून दोन खोल्यांची एक ऐसपैस खोली. आणि पुढच्या खोलीच्या जागी तिकिटाची खिडकी, चपला ठेवायचा कप्पा, पुस्तकं विकायचं कपाट. ऐरण आणि भट्टी "योग्य ठिकाणी हलवावी" असं लिहिलं होतं. योग्य ठिकाण कुठलं ते लिहिलं नव्हतं.

मी नानांना कागद वाचून दाखवला. ऐरणीवर हात ठेवून ते म्हणाले, "ताई, घर दिलं तेव्हा मी काही मागितलं नाही. आताही मागत नाही. पण ऐरण गेली तर मागे जे उरेल ते यंत्र खोटं आहे. लोक म्हणतील, काय शूर माणसं, भर वस्तीत छापखाना चालवला. चालवला कसा, ते कोणी विचारणार नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं आणि मला मंडळाचा असा राग आला की मी अध्यक्षांना त्याच दुपारी फोन केला.

अध्यक्ष निवृत्त वकील होते. ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, काम सुरू करायच्या आधी आर्किटेक्टला घेऊन एकदा येतो, नानांना जे दाखवायचं ते दाखवू दे, मग तिथेच काय ते ठरवू. त्यांनी दिवसही दिला. मी उड्या मारत नानांकडे गेले. मनात सगळं ठरवलं होतं. मंडळींना आळीत उभं करायचं, नाना ठोके घालणार, मी यंत्र चालवणार, आणि विचारायचं, ओळखा यंत्र कधी चालू आहे. त्या सटाण्याच्या मुलीसारखे सगळे फसणार होते.

नानांनी दिवस ऐकला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही जमायचं. त्या दिवशी अवस आहे."

अमावस्येला तांबट आळीत हातोडी उचलत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. त्या दिवशी हत्यारं पुसून ठेवायची, ऐरणीला हळदकुंकू वाहायचं आणि स्वस्थ बसायचं. मला हे माहीत होतं, पण ऐन वेळी सुचलं नव्हतं. अध्यक्षांना दिवस बदलायला सांगितला, तर ते दुसऱ्याच दिवशी मुलाकडे परदेशी जायचे होते आणि काम तर लगेच सुरू व्हायचं होतं. मी नानांना विनवलं, एकच दिवस, दहा मिनिटं, आळीतली देवी काही रागावणार नाही. चिडूनही पाहिलं. नाना हलेनात.

"एकदा मोडली आहे मी अवस," ते म्हणाले, आणि मग जी गोष्ट त्यांनी कोणत्याही पाहुण्याला सांगितली नव्हती ती मला सांगितली.

गुरुजी आळीतले नव्हते. त्यांना हा नेम ठाऊक नव्हता. एका अमावस्येच्या दुपारी ते मागच्या दाराने गुपचूप आत आले. पत्रकं संध्याकाळच्या बैलगाडीने जायची होती, म्हणून कुणाला न सांगता त्यांनी यंत्र सुरू केलं. आळी चिडीचूप. नाना ओट्यावर बसले होते. भिंतीमागून खट्‌ धप्प ऐकू आलं. आत जाऊन थांबवायला फडताळ सरकवावं लागणार, आणि समोर ओट्याओट्यांवर सगळी आळी रिकामी बसलेली. नानांनी हातोडी उचलली आणि पाटलाच्या हंड्यावर ठोके घालायला सुरुवात केली.

पाच मिनिटांत आळीतले पाच वडीलधारे दारात उभे. अवस मोडली म्हणजे काय? नानांनी हातोडी थांबवली नाही. एक म्हातारे तर इतके तापले की म्हणाले, त्या चांदवडच्या पाटलालाच जाऊन जाब विचारतो, अवसेलाही काम करून घेतो म्हणजे काय? आणि ते खरंच निघाले असते. तेवढ्यात नानांची बायको भागीरथीबाई पदर खोचून पुढे आली. म्हणाली, चूक माझी आहे. मीच यांना सांगितलं, अवस उद्या आहे. मला तिथी मोजता येत नाही.

वर्षभर देवीच्या देवळातली भांडी चिंच लावून घासायची, अशी दोघांना शिक्षा झाली. ती संपली. पण भागीरथीबाईंची संपली नाही. पंचांगवाल्या घराण्यातली मुलगी होती ती, तिथ्या तिला तोंडपाठ होत्या. तरी आळीतल्या बायका दर महिन्याला दारात येऊन हसत सांगायच्या, "भागे, आज अवस बरं का, विसरशील." चळवळ संपली, स्वराज्य आलं, तरी त्या कामासाठी घेतलेली गुप्ततेची शपथ तिने स्वतःपुरती पाळली. संग्रहालय व्हायच्या आधीच ती गेली.

"तिने माझ्यापायी जन्मभर येडी म्हणवून घेतलं," नाना म्हणाले. "तेव्हा अवस मोडली ती यंत्रासाठी. आता जागेसाठी मोडू?"

ऐरण गेली असं मी मनात धरून चालले.

तो दिवस आला. आळी शांत. अध्यक्ष, आर्किटेक्ट आणि मंडळाचे आणखी दोघे चपला काढून पुढच्या खोलीत उभे राहिले. ऐरणीवर हळदकुंकू आणि झेंडूचं एक फूल. नाना स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून बसले होते. मी अध्यक्षांची माफी मागायला तोंड उघडलं, तर नाना म्हणाले, "ताई, तुम्ही आत जा आणि यंत्र चालवा."

"ठोक्यांशिवाय?"

"ठोक्यांशिवाय. फडताळ लावून घ्या. आणि मंडळींनी आळीत उभं राहावं."

मी आत गेले, फडताळ सरकवलं आणि पाय मारायला लागले. बाहेर काय झालं ते मला काशीकाकूंनी नंतर इतक्या वेळा सांगितलं की मी ते पाहिलं असंच मला वाटतं. "अगं, अख्खी आळी धडधडायला लागली," काकू म्हणाल्या. "मला वाटलं कोणी पिठाची गिरणी आणली. नानाने त्या वकिलाला दार सोडून पाच घरं पुढे नेलं, दहा घरं पुढे नेलं, तरी ऐकू येतंय. पार टोकाच्या सायकलवाल्याने मान वर करून बघितलं."

मग नानांनी अध्यक्षांना विचारलं, "वकीलसाहेब, समजा तुम्ही बेचाळीस सालचे फौजदार. आता काय कराल?"

"सरळ आत जाईन," अध्यक्ष म्हणाले.

"मग सांगा, ऐरण कुठे हलवू?"

आर्किटेक्ट परत आला तो तडक ऐरणीसमोर मांडी घालून बसला आणि मांडीवर आराखडा ठेवून पेन्सिलीने तिकिटाची खिडकी खोडायला लागला. मी बाहेर आले तेव्हा तो नानांना विचारत होता, "तुम्ही बसायचात कुठे? तोंड कुठल्या बाजूला?" फडताळ राहिलं, काचेची पेटी गेली, चपला बाहेर ओट्यावर ठेवायचं ठरलं. आतल्या पाटीवर गुरुजी आणि त्यांच्या सोबत्यांची पाच नावं होती, तिथे सहावं नाव कोणतं घालायचं असं अध्यक्षांनी विचारलं. नानांनी भागीरथीबाईंचं सांगितलं. तुमचं, असं अध्यक्ष म्हणाले, तर नाना म्हणाले, "माझं घालायचं तर सातवं घाला. क्रम बदलायचा नाही." क्रम तसाच आहे.

नूतनीकरणानंतर ऐरणीभोवती दोरी आली आणि "हात लावू नये" अशी पाटी. नाना दोरीच्या आतच बसायचे. एकदा एका लहान मुलीने त्यांना बराच वेळ निरखलं आणि आईला विचारलं, हे खरे आहेत का? नानांनी तिची पाण्याची बाटली मागून घेतली, वाजवली आणि सांगितलं, "मी खरा आहे, बाटली खोटी आहे."

नंतरच्या वर्षांत त्यांचे कान पूर्ण गेले. तेव्हा ते डावा तळवा मागच्या भिंतीला लावून माझ्या यंत्राचा ठोका पकडत आणि उजव्या हाताने हातोडी टाकत. ठोका एकदाही चुकला नाही.

शेवटचे आले ते महिनाभराच्या आजारपणानंतर, मुलाचा हात धरून. हडकले होते, पण मिशा नीट कातरलेल्या. नेमकं त्या आठवड्यात यंत्राचं मोठं चाक सातपूरला दुरुस्तीला गेलं होतं. मी तिकिटाच्या टेबलाशी होते, चांदवडच्या बाजूचे आठ-दहा शेतकरी आले होते, त्यांना माहिती देण्यात गुंतले. बघते तर नाना दोरीच्या आत जाऊन बसलेले आणि ठोके सुरू. मंडळी खूश झाली. नाना जवळजवळ पंधरा मिनिटं बडवत होते, घामाघूम. मला राहवेना. मंडळी आतली खोली बघायला गेल्यावर मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "नाना, यंत्र बंद आहे. चाक नाही त्याला."

"माहीत आहे," ते म्हणाले. "भिंत हलली नाही."

"मग कशासाठी बडवताय एवढं?"

नानांनी आळीकडे एक नजर टाकली. मला जवळ बोलावलं. दहा वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी हळू आवाजात बोलला नव्हता, तो आता कुजबुजला.

"यंत्र चाललं की हातोडी आणि थांबलं की हातोडी बंद, असं केलं असतं तर पोलिसाला आठ दिवसांत कळलं असतं. ते कधी चालतं आणि कधी नाही, हे बाहेर कळता कामा नये. निम्मे दिवस मी रिकाम्या यंत्राला ठोके घातलेत, ताई." मग मला हाताने मागे जायची खूण केली. "मंडळी बाहेर आली की तुम्ही आत जाऊन बसा. फडताळ लावून घ्या."

मंडळी बाहेर आली. मी आत गेले, फडताळ लावलं आणि बिनचाकाच्या यंत्रासमोर अंधारात उभी राहिले. पुढच्या खोलीत पुन्हा ठोके सुरू झाले. ते थांबेपर्यंत मी बाहेर आले नाही.